दारावरचा पहारा

गेल्या वर्षीं दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत मी माझ्या धाकट्या भावाकडे बॉस्टनला गेलों होतों. एका रविवारीं सकाळीं चहा पितां पितां तो म्हणाला, "दादा, आज तुला एका देवळांत नेतों." परदेशांत राहणाऱ्या आपल्या माणसांना घरीं आलेल्या पाहुण्यास देवदर्शन घडविण्याची मोठी हौस असते, हें मला ठाऊक होतें. मीं निमूटपणें स्वच्छ सदरा अंगांत घातला, सहज काढतां येतील असे जोडे पायांत चढविले, आणि मोटारींत जाऊन बसलों.

दोनएक तास आम्ही उत्तरेकडे चाललों होतों. रस्त्याच्या दोहों अंगांस मेपलचे वृक्ष लालभडक होऊन उभे होते. न्यू हॅम्पशायर राज्यांतील लॅकोनिया गांवाजवळ, विनिपेसॉकी नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या परिसरांत, एका लांबलचक इमारतीपुढें भावानें मोटार थांबविली. कळस नाहीं, घंटा नाहीं, दाराशीं जोडे काढलेले नाहींत. देऊळ कसलें! तें एक भलें मोठें खेळघर होतें. 'फनस्पॉट' नांवाच्या, १९५२ पासून चालत आलेल्या या खेळघराच्या वरच्या भागांत जुन्या व्हिडिओ-खेळांचें एक संग्रहालय आहे. इतर संग्रहालयांत 'हात लावूं नका' अशी पाटी असते. येथील शेंकडों यंत्रें मात्र हात लावण्यासाठींच मांडून ठेवलेलीं आहेत. भावानें खिडकीवर पैसे देऊन खेळाचीं नाणीं घेतलीं, त्यांतलीं चार मोजून माझ्या तळहातावर ठेवलीं, आणि म्हणाला, "हीं तुझीं."

तेथील प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला होता. उंच पेट्यांच्या रांगांमधून चालतांना पेट्यांच्या कांचांतून येणारा निळा-तांबडा उजेड आमच्या कपड्यांवर पडत होता. आणि एकाएकीं त्या सगळ्या गोंगाटांतून मला चार सूर ऐकूं आले. खर्जांतले, एकामागून एक उतरत जाणारे चार सूर, पुन्हां तेच चार, पुन्हां तेच. मी जागच्या जागीं थांबलों. चाळीस वर्षांपूर्वीं दादरच्या एका गल्लींत ज्या सुरांनीं माझी छाती धडधडे, तेच हे सूर होते.

तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेल्या माणसाचा ऊर असल्या पोरखेळानें भरून यावा, हें कांहीं शोभत नाहीं. मलाहि तें कबूल आहे. परंतु मनुष्याच्या मनांतील पवित्र वस्तूंची यादी त्याच्या प्रतिष्ठेला विचारून तयार होत नसते. कोणाला आजोळच्या विहिरीचा रहाट आठवतो, कोणाला शाळेची घंटा. मला 'स्पेस इन्व्हेडर्स'चे चार सूर आठवतात, याला माझा इलाज नाहीं.

तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो या जपानी गृहस्थांनीं १९७८ सालीं हा खेळ तयार केला. अकरा-अकरांच्या पांच ओळी, म्हणजे पंचावन्न परग्रहवासी, खेंकड्यांप्रमाणें आडवे सरकत सरकत खालीं उतरतात. तळाशीं तुमची एकुलती एक तोफ आणि तिच्यापुढें चार आडोसे. तेहि गोळ्यांनीं झिजत जाणारे. शत्रु जसजसे कमी होतात, तसतसे उरलेले अधिकाधिक वेगानें धांवूं लागतात, आणि ते चार सूर धापा टाकूं लागतात. लहानपणीं मला वाटे, आपले सोबती मेल्यामुळें ते चवताळले आहेत. पुष्कळ वर्षांनीं खरें कारण वाचनांत आलें. त्या काळच्या यंत्राच्या अंगीं पंचावन्न आकृत्या एकदम जलद हलविण्याचें बळच नव्हतें. आकृत्या कमी झाल्या, ओझें हलकें झालें, कीं यंत्र आपोआप धांवूं लागे. निशिकादोंनीं तें पाहिलें आणि तसेंच राहूं दिलें. ज्या गोष्टीनें जगांतल्या लाखों मुलांच्या तळहातांना घाम फुटला, ती मुळांत यंत्राची अशक्तता होती! कारागिराच्या अंगीं शहाणपण असेल, तर वैगुण्याचासुद्धां अलंकार होतो तो असा.

मीं पहिलें नाणें तेथें खर्च केलें. दुसरी लाट येण्यापूर्वींच माझ्या तिन्ही तोफा उडाल्या. बोटें सारें विसरून गेलीं होतीं. तथापि मन कांहींच विसरलें नव्हतें. तें केव्हांच दादरला जाऊन पोंचलें होतें.

तें वर्ष १९८४ चें. मी तेरा वर्षांचा होतों. भाऊ नऊ वर्षांचा. आमच्या चाळीपासून दोन गल्ल्यांवर, जेथें पूर्वीं एक धान्याचें दुकान होतें, तेथें व्हिडिओ गेम पार्लर निघालें. दाराला काळ्या कापडाचा पडदा, आंत सहा यंत्रें आणि एक पंखा. यंत्रांच्या पेट्या परदेशांतून आलेल्या नव्हत्या. कोणा सुताराकडून प्लायवूडच्या करून घेतलेल्या होत्या, आणि त्यांच्या कपाळावर खेळांचीं नांवें रंगाऱ्यानें आपल्या मगदुराप्रमाणें रंगविलीं होतीं. गल्ल्यावर बसणाऱ्या गृहस्थाला आम्ही सारीं मुलें 'मामा' म्हणत असूं. एक रुपया दिला कीं मामा एक बिल्ला देई. तो फटींतून आंत पडतांना जो आवाज होई, त्याच्यासारखा आश्वासक आवाज मीं त्यानंतर फारसा ऐकलेला नाहीं. खेळणारा एक आणि त्याच्या मागें उभे राहणारे दहा, असें तेथें प्रमाण असे. मागच्या दहांपैकीं प्रत्येक जण पुढच्याहून अधिक शहाणा असे, आणि स्वतःची पाळी आली कीं तितकाच लवकर मरे. टीकाकार आणि लेखक यांच्यामधील संबंधांचें ज्ञान मला प्रथम तेथेंच झालें.

माझा सर्वांत आवडता खेळ 'पॅक-मॅन'. नाम्को कंपनीच्या तोरु इवातानी यांनीं तो १९८० सालीं निर्माण केला. पिवळ्या वर्तुळाचें तें तोंड, चक्रव्यूहांतले दोनशें चव्वेचाळीस ठिपके, आणि पाठीस लागलेलीं चार भुतें, एवढाच त्याचा संसार. परंतु त्या चार भुतांना चार स्वभाव होते! तांबडें भूत सरळ तुमच्या पाठीवर येई. गुलाबी भूत तुमच्या पाठीमागें न येतां तुम्ही जेथें जाणार असाल, त्याच्या पुढें जाऊन दबा धरी. निळ्या भुताची चाल तांबडें कोठें आहे यावर अवलंबून असे. म्हणून त्याचा नेम सांगतां येत नसे. आणि नारिंगी भूत दुरून मोठ्या आवेशानें धांवत येई, पण तुमच्या अगदीं जवळ पोंचलें कीं त्याचा धीर सुटे आणि तें आपल्या कोंपऱ्याकडे वळे. पुढील आयुष्यांत कचेरींत, संस्थांच्या सभांत आणि नातेवाइकांत मला जीं माणसें भेटलीं, त्यांपैकीं बहुतेकांची ओळख मला आधींच झालेली होती. तांबड्यांची भीति बाळगूं नये; तीं दिसतात. सांभाळावें तें गुलाबी माणसांपासून.

इवातानींविषयीं एक गोष्ट मला फार आवडते. त्या वेळच्या खेळघरांत मुलग्यांची आणि पुरुषांचीच गर्दी असे, आणि जिकडे तिकडे गोळीबार चाललेला असे. मुलींनींहि तेथें यावें, त्यांनाहि आनंद व्हावा, म्हणून त्यांनीं मारामारीचा विषय सोडून खाण्याचा विषय निवडला. त्यांचा हेतु जपानांत आणि अमेरिकेंत पुष्कळसा सफळ झाला. आमच्या काळ्या पडद्याआड मात्र मुलगी आलेली मला एकदांहि आठवत नाहीं. आमच्या शेजारच्या मुली त्याच गल्लींतून शिकवणीला जात, पडदा वाऱ्यानें हलला कीं क्षणभर आंत पाहत, आणि पुढें जात. त्यांना काय वाटत असेल, असा प्रश्न त्या वयांत माझ्या मनाला शिवलासुद्धां नाहीं.

या खेळांना शेवट नव्हता, हें आजच्या मुलांना सांगितलें तर खरें वाटत नाहीं. जिंकणें ही गोष्टच तेथें नव्हती. एक फळी पुरी झाली कीं दुसरी, दुसरीनंतर तिसरी. प्रत्येक पहिलीहून कठीण. पॅक-मॅनची दोनशें छप्पन्नावी फळी तर विलक्षण आहे. यंत्रांतील मोजणीची जागा तेथें अपुरी पडते, आणि पडद्याचा अर्धा भाग अक्षरांच्या व आंकड्यांच्या केरकचऱ्यानें भरून जातो; पुढें जाण्याची वाटच उरत नाहीं. अर्थात् तेथवर पोंचणारे हातांच्या बोटांवर मोजण्यासारखे. आम्हां बाकीच्यांना ठाऊक असे, कीं आपण मरणार. कौशल्य एवढेंच, कीं तो रुपया किती वेळ पुरवावयाचा. आणि मोठ्या कष्टानें पहिल्या पांचांत नांव लागलें, तरी तें त्या रात्रीपुरतेंच. दुकान बंद करतांना मामा भिंतीवरचें बटन खालीं ओढी, आणि त्याबरोबर सर्वांची कीर्ति संपे. सकाळीं यंत्र पुन्हां कोरें! वैराग्य शिकविण्यासाठीं संतांना जे श्रम पडले, त्यांतले थोडेसे त्या बटनानें खास वांचविले असते.

हें सारें मी मोठ्या उत्साहानें भावाला सांगत होतों. दुसरें नाणें पॅक-मॅनवर संपवून आम्ही 'गॅलॅगा'च्या पेटीपाशीं आलों होतों. १९८१ चा हा खेळ नाम्कोचाच. त्यांतली ती सुप्रसिद्ध युक्ति मी त्याला समजावूं लागलों: "शत्रूचा नायक खालीं येऊन किरणांचा झोत सोडतो. आपण मुद्दाम त्या झोतांत शिरावयाचें. तो आपलें विमान पकडून वर नेतो. मग दुसऱ्या विमानानें नेमका नेम धरून त्या नायकाला मारावयाचें, म्हणजे पकडलेलें विमान सुटून आपल्या शेजारीं येऊन उभें राहतें. दोन्ही विमानें बरोबरीनें लढतात. मात्र गोळी चुकून आपल्याच विमानाला लागली, तर तें कायमचें गेलें." मी तिसरें नाणें फटीशीं नेलें, आणि मग औदार्य सुचून म्हणालों, "तूंच खेळून दाखव ना!"

तो हंसला. "मला यांतला एकहि खेळ येत नाहीं, दादा."

"येत नाहीं? अरे, दर शनिवारीं आपण दोघे—"

"दर शनिवारीं तूं खेळायचास. मी दाराशीं उभा असायचों."

त्याच्या आवाजांत तक्रार नव्हती. एखाद्याला गाडीची वेळ चुकीची सांगितली गेली असतां आपण ती सुधारून सांगतों, तितक्याच सहजपणें त्यानें तें सांगितलें. परंतु माझा हात फटीजवळ थबकला तो थबकलाच.

शनिवारीं आमची शाळा सकाळची असे. दुपारीं आई आम्हां दोघांच्या हातावर एकेक रुपया ठेवी. एक त्याचा, एक माझा. वडिलांची कचेरीहि शनिवारीं अर्धा दिवस, आणि दादर स्टेशनावरून घरीं येण्याची त्यांची वाट नेमकी त्याच गल्लीच्या तोंडावरून जाई. त्यांनीं आम्हांला त्या दुकानांत पाहिलें असतें, तर काय झालें असतें हें सांगावयास नकोच. तेव्हां कोणीतरी दारांत उभें राहून त्यांची काळी छत्री दुरून ओळखणें अवश्य होतें. थोरल्यानें आंत राहावें आणि धाकट्यानें पहारा करावा, ही वांटणी कोणी ठरविली, हें मला आठवत नाहीं. ज्या गोष्टी आपल्या सोयीच्या असतात, त्या कोणी ठरविल्या हें सहसा आठवत नाहींच.

आणि त्याचा रुपया? तोहि मला आठवला. "तूं खेळलास तर अर्ध्या मिनिटांत मरशील," असें मीं त्याला सांगितलें होतें. "त्यापेक्षां मी तुझ्या वतीनें खेळतों, आणि तुझ्या नांवाचीं अक्षरें लावतों." करार उघड उघड फायद्याचा होता, नऊ वर्षांच्या मुलाला तो पटला. पुढें मीं त्यांत एक लहानशी सुधारणा केली. कोणता रुपया कोणाचा, हें मी खेळ संपल्यावर ठरवीं. डाव रंगला तर तो माझा ठरे. ज्या डावांत मी लवकर मरें, तो त्याचा.

हें मीं त्याला त्या अंधुक प्रकाशांत, त्या पेटीपाशीं उभ्याउभ्या सांगून टाकलें. वाटलें, त्याला हें सारें तेव्हांच कळलें असेल. परंतु तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "खरें? माझीं अक्षरें नेहमीं तळाशीं असायचीं. कधीं कधीं यायचींच नाहींत. मला आपलें वाटायचें, कीं मी या खेळांत कच्चा आहे. म्हणून पुढें हातांत पैसे आले तेव्हांहि मी कधीं खेळायला गेलों नाहीं."

मला काय बोलावें तें सुचेना. शेवटीं मीं विचारलें, "मग मला येथें कां आणलेंस?"

"तुला आवडेल म्हणून," तो म्हणाला. "तूं फोनवर नेहमीं त्या दुकानाच्या गोष्टी काढतोस. तुला त्याचा आंतला पडदा आठवतो. मला दारावरचा आठवतो. आणि त्याच्या फटींतून दिसणारी तुझी पाठ."

गतकाळाच्या गोड आठवणी सांगण्याची कला मला साध्य आहे, असा माझा आजवर समज होता. मित्रमंडळींत त्या दुकानाचें वर्णन मीं किती वेळां केलें असेल! तो पंखा, तो घाम, ते रंगाऱ्याचे अशुद्ध शब्द, ते मागें उभे राहणारे दहा शहाणे. त्या वर्णनांत 'आम्ही' हा शब्द वारंवार येई. आपल्या बालपणाला आपण सोन्याचें म्हणतों तेव्हां तें खोटें बोलतों असें नाहीं. मला झालेला आनंद खराच होता. परंतु तो आनंद निर्वेध व्हावा म्हणून कोणीतरी दाराशीं उन्हांत उभें होतें, आणि त्याचाहि रुपया त्यांत खर्च झाला होता. इतकीं वर्षें 'आम्ही' म्हणतांना त्या शब्दाचा हिशेब मीं एकदांहि तपासून पाहिला नव्हता. आणि तो शेजारून जाणाऱ्या मुलींचाहि हिशेब कोठें तपासला होता?

माझ्या मुठींत दोन नाणीं उरलीं होतीं. योगायोगानें तेवढींच. मीं तीं त्याच्यापुढें धरलीं.

"हें काय? तीं तुझीं आहेत."

"एक तुझें होतें, आणि एकाचें व्याज," मीं म्हटलें. विनोद साधला नाहीं; पण त्यानें नाणीं घेतलीं.

तो यंत्रापुढें उभा राहिला. हँडल कसें धरावें हें त्याला कळत नव्हतें. त्यानें तें मोटारीच्या गियरप्रमाणें धरलें. कोठें उभें राहावें हें मलाहि कळत नव्हतें. शेवटीं मी त्याच्या मागें, दोन पावलें सोडून, उभा राहिलों. त्याच्या मानेवरचे केंस पांढरे झाले आहेत, हें इतक्या दिवसांत मला दिसलें नव्हतें. पहिला खेळ मिनिटभरहि टिकला नाहीं. माझ्या जिभेवर दहा सूचना आल्या. त्या मीं मोठ्या कष्टानें गिळल्या. दुसऱ्या नाण्याच्या वेळीं त्याचें बोट थोडें वळूं लागलें. एक फळी पार पडली. मग शत्रूचा नायक खालीं आला, त्यानें तो निळा झोत सोडला, आणि भावाचें विमान गरगर फिरत वर गेलें.

"दादा, आतां काय करूं?" त्यानें मागें न पाहतां विचारलें.

"तुला ठाऊक आहे," मीं म्हटलें.

त्यानें नेम धरला, गोळी सोडली, आणि ती नेमकी त्याच्याच पकडलेल्या विमानाला लागली. तो मोठ्यानें हंसला. नऊ वर्षांचा असतांना हंसे तसा. थोड्या वेळानें खेळ संपला. मिळालेले गुण पहिल्या पांचांत बसण्याजोगे नव्हते, म्हणून यंत्रानें त्याला नांव विचारलें नाहीं.

मला वाटलें, आतां आपण निघूं. परंतु तो कांहींएक न बोलतां खिडकीकडे गेला आणि मूठभर नाणीं घेऊन परत आला. या वेळीं त्यानें त्यांतलें एकहि मला दिलें नाहीं. त्यानें बाह्या वर सारल्या आणि पुन्हां गॅलॅगापुढें उभा राहिला.

मी हळूच मागें सरकलों आणि जिन्याच्या दाराशीं जाऊन उभा राहिलों.